गेम विकत घेतला, मग परत परत पैसे कशाचे?

या वेळच्या टपालात गेमिंगचे बरेच प्रश्न आले आणि त्यातले बहुतेक फिरून फिरून एकाच ठिकाणी येतात, लाइव्ह सर्व्हिस गेम म्हणजे काय आणि त्यात सारखे पैसे का मागतात. म्हणून आजचं सदर सगळं त्यालाच. प्रश्न थोडे आखूड केलेत, नावं काढून टाकलीत.

प्रश्न : ताई, माझ्यात आणि मित्रात जाम वाद चाललाय. मी द विचर ३ घेतला आणि नंतर त्याची दोन्ही एक्सपान्शन्स, म्हणजे गेमला जोडायचे मोठे नवे भाग, पण पैसे देऊन घेतली. मित्र फोर्टनाइट खेळतो, फुकट. तो म्हणतो तुझा गेम पण लाइव्ह सर्व्हिसच झाला, नंतर परत पैसे घेतलेच ना तुझ्याकडून. मला पटत नाही पण उत्तर पण देता येत नाही.

उत्तर : तुमचंच बरोबर आहे. लाइव्ह सर्व्हिस म्हणजे जो गेम कंपनीच्या सर्व्हरवर चालतो आणि कंपनी तो सारखा चालवत, बदलत राहते. नंतर पैसे घेतले एवढ्यावरून कुठला गेम लाइव्ह सर्व्हिस होत नाही.

विचर ३ आला २०१५ मधे. त्याच वर्षी ऑक्टोबरला हार्ट्स ऑफ स्टोन आणि पुढच्या मे महिन्यात ब्लड अँड वाइन, ही दोन विकतची, शिवाय १६ छोट्या डीएलसी, म्हणजे गेमला जोडायच्या जादा गोष्टी, त्यांनी फुकट दिल्या. तुम्ही त्या डाउनलोड केल्या आणि विषय संपला. आता नेट बंद करा, गेम चालतो. चार वर्षं हात लावू नका, मग उघडा, तुमचा सेव्ह जिथे होता तिथेच आहे, गोष्ट तीच आहे. कंपनी सगळी माणसं घेऊन दुसऱ्या गेमच्या मागे लागली तरी तुमच्या गेमचं काही बिघडत नाही. याला ॲड-ऑन असलेला गेम म्हणायचं, बस.

फोर्टनाइटमधे काय होतं बघा. मित्राच्या मशीनवर जे इन्स्टॉल आहे तो अर्धाच गेम आहे, उरलेला कंपनीच्या सर्व्हरवर आहे. कोणाशी मॅच लावायची, मारलेली गोळी लागली का नाही, या सीझनला, म्हणजे कंपनीने ठरवलेल्या मुदतीच्या टप्प्याला, कुठली बंदूक आहे आणि कुठली काढून टाकली, शॉपमधे आज काय लावलंय, हे सगळं तिकडून ठरतं. ऑक्टोबर २०१९ मधे त्यांनी अख्खा नकाशा ब्लॅक होलमधे घातला आणि जवळजवळ दोन दिवस जगात कुणालाच तो खेळता आला नाही, लोक काळी स्क्रीन बघत बसले होते, मग नवा नकाशा आला. जुना नकाशा कुणाला हवा असला तरी तो ठेवायची सोय त्याच्या हातात नव्हती, कारण तो चालवायचा की नाही हे कंपनीच ठरवते.

म्हणून मी कुठलाही गेम हातात घेतला की पहिल्यांदा हे बघते की कंपनीने उद्या हात काढून घेतला तर यातलं काय चालू राहील. काहीच नाही असं उत्तर आलं तर तो सर्व्हिस आहे, मग वर छापील किंमत असो की फुकट असो. त्यानंतर बघते कॅलेंडर कुणाचं आहे, म्हणजे मी माझ्या वेळेने खेळतेय की सीझन, इव्हेंट, डेली चॅलेंज यांच्या वेळेने. पैशाचा नंबर माझ्या लेखी त्याच्यानंतर येतो, कारण पैसे घ्यायची पद्धत बदलत राहते पण ही रचना बदलत नाही.

उलटं उदाहरण पण घ्या. नो मॅन्स स्काय २०१६ मधे आला, सुरुवातीला लोकांनी खूप शिव्या घातल्या, आणि मग वर्षानुवर्षं मोठमोठे अपडेट येत राहिले, त्यातल्या एकाचेही वेगळे पैसे नाहीत, आणि गेम एकट्याने ऑफलाइन खेळता येतो. अपडेट सारखे येतात म्हणून तो सर्व्हिस होत नाही. आणि वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट घ्या, २००४ चा, तेव्हा लाइव्ह सर्व्हिस हा शब्द कुणाच्या तोंडात नव्हता पण महिन्याला १४.९९ डॉलर भरायचे, नाही भरले तर दार बंद. तो पहिल्या दिवसापासून सर्व्हिसच होता.

पैशाचा भाग नंतर कसा वाढला ते पण थोडक्यात सांगते. २००६ मधे ऑब्लिव्हियन या गेमवाल्यांनी घोड्याचं चिलखत अडीच डॉलरला विकायला काढलं तेव्हा लोक चिडले होते, एवढ्याशा शोभेच्या गोष्टीचे पैसे कसले म्हणून. मग टीम फोर्ट्रेस २ मधे २०१० ला दुकान आलं, टोप्या विकायला लागले, आणि जून २०११ मधे तो गेमच फुकट करून टाकला. तिथून कंपन्यांच्या लक्षात आलं की दाराशी तिकीट लावण्यापेक्षा सगळ्यांना आत घ्यायचं आणि आत आल्यावर थोड्या लोकांनी घेतलं तरी खर्च निघून वर उरतं. आणि खर्च असतोच हो, ते नाकारून चालणार नाही. सर्व्हर, चीटर पकडणारे, तक्रारी बघणारे, दर सीझनला नवीन नकाशा आणि स्किन, म्हणजे पात्रांचे नवे वेष, बनवणारे आर्टिस्ट, यांचे पगार दर महिन्याला द्यायचेत आणि गेम मात्र एकदाच विकला जातो, हे गणित जुळत नाही. म्हणून ॲड-ऑन विकायचे. मित्राला एवढंच सांगा की सर्व्हिस आहे म्हणून ॲड-ऑन विकावे लागतात, ॲड-ऑन विकले म्हणून सर्व्हिस होत नाही.

प्रश्न : माझा मुलगा १३ वर्षांचा आहे. बॅटल पास एकदाच घ्यायचाय म्हणाला म्हणून आम्ही घेऊन दिला. आता रोज खेळलंच पाहिजे म्हणतो. परवा ताप होता तरी उठून बसला, सीझन संपतोय, नाहीतर पैसे वाया जातील म्हणे. पैसे तर आम्ही आधीच दिलेत, मग वाया कसे जातील? आणि याला व्यसन म्हणायचं का?

उत्तर : तुमचा मुलगा खोटं बोलत नाहीये, आधी हे सांगते. पास घेतला म्हणजे तुम्ही त्यातल्या वस्तू घेतल्या नाहीत, त्या कमवायची परवानगी घेतली. पासमधे पायऱ्या असतात, बऱ्याच गेममधे शंभरेक, खेळून पॉइंट मिळवायचे, पायरी चढली की एखादी स्किन, एखादा डान्स, थोडे गेममधले पैसे. सीझन संपला की जिथपर्यंत चढलात तेवढं तुमचं आणि पुढचं गेलं. म्हणजे पैसे देऊन झाल्यावर तुम्हाला वेळ पण द्यायचाय, आणि तो कंपनीने लावलेल्या तारखेच्या आत द्यायचाय. मोठ्या माणसाला सुद्धा हे टोचतं, तेरा वर्षांच्या पोराला टोचणारच. 

या कल्पनेची सुरुवात डोटा २ या ऑनलाइन गेममधे झाली असं धरतात. २०१३ मधे त्यांच्या मोठ्या स्पर्धेच्या वेळी कंपेन्डियम नावाचं एक डिजिटल पुस्तक विकलं आणि त्याच्या विक्रीतले २५ टक्के बक्षिसात टाकले. हे पुढे एवढं वाढलं की २०२१ च्या स्पर्धेचं बक्षीस ४ कोटी डॉलरच्या वर गेलं. आता कंपनीचे स्वतःचे त्यात १६ लाख होते, बाकीचे म्हणजे विक्रीचा चौथा हिस्सा, तर हिशोब करा, खेळणाऱ्यांनी १५ कोटी डॉलरच्या वर खर्च केले तेव्हा ते बक्षीस तेवढं झालं. फोर्टनाइटने डिसेंबर २०१७ मधे बॅटल पास आणला आणि मग ते सगळीकडे पसरलं.

त्याची किंमत कशी ठेवतात ते पण बघून ठेवा. फोर्टनाइटचा पास बरीच वर्षं ९५० व्ही-बक्सला, म्हणजे त्या गेममधल्या पैशाला, होता आणि व्ही-बक्स मिळायचे १००० च्या पॅकमधे. ५० उरतात. त्या ५० मधे काही येत नाही, पण आहेत म्हटल्यावर पुढचा पॅक घ्यावासा वाटतो. शिवाय खऱ्या पैशाचे एकदा व्ही-बक्स झाले की पोराच्या डोक्यात किंमत उरतच नाही, ते नुसते आकडे होतात. आणि पास पूर्ण केला तर पुढचा पास येईल एवढे व्ही-बक्स परत मिळतात, ऐकायला छानच आहे, पण त्याचा अर्थ असा की एक सीझन अर्धवट सोडला की पुढचा फुकट मिळणार नाही, म्हणजे सोडायचंच नाही.

आता काय करायचं. सगळ्यात सोपी गोष्ट, जी मुलांना पण पटते, ती ही की पास सीझनच्या सुरुवातीला घ्यायचा नाही, शेवटच्या आठवड्यात घ्यायचा. बहुतेक गेममधे पास नसताना चढलेल्या पायऱ्या मोजल्या जातात, आणि पास घेतला की तोपर्यंतचं सगळं एकदम उघडतं. म्हणजे तो त्याच्या मनाने खेळला, जिथपर्यंत पोचला ते बघितलं, पटलं तर घेतला, नाहीतर नाही. पैसे वाया जायची भीतीच उरत नाही. दुसरं म्हणजे असे पण गेम आहेत ज्यांचा पास संपत नाही, हेलो इन्फिनिटमधे २०२१ पासून तसंच आहे, हेलडायव्हर्स २ चे वॉरबॉन्ड पण कालबाह्य होत नाहीत, केव्हाही पूर्ण करा. म्हणजे हे करता येतं. ज्या कंपन्या करत नाहीत त्यांना करायचं नाहीये, मला तरी दुसरं कारण दिसत नाही.

तुमचं बँकेचं कार्ड मुलाच्या गेमच्या अकाउंटला जोडून ठेवू नका, प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा पिन लागेल अशी सेटिंग करा. ही नुसती आईबाबांची काळजी नाही हो, डिसेंबर २०२२ मधे अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने याच गोष्टींवरून एपिक गेम्सला, म्हणजे फोर्टनाइटच्या कंपनीला पकडलं. एकूण ५२ कोटी डॉलर भरायला लागले, त्यातले २७.५ कोटी मुलांच्या प्रायव्हसीचे नियम मोडले म्हणून, आणि २४.५ कोटी ग्राहकांना परत द्यायला, कारण बटणं अशी ठेवली होती की नको असताना खरेदी व्हायची, आणि मुलं आईबापांना न विचारता खर्च करू शकायची.

व्यसनाचं मी इथे बसून ठरवणार नाही, तो डॉक्टरांचा विषय आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत गेमिंग डिसऑर्डर आहे, पण त्यात खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळं मागे पडणं आणि नुकसान दिसत असून चालूच ठेवणं हे साधारण वर्षभर दिसावं लागतं. सीझनच्या शेवटच्या आठवड्यातली धावपळ म्हणजे ते नव्हे. सीझन संपल्यावर तो निवांत होतो का ते बघा. शाळा, झोप, मित्र, जेवण हे सगळंच सुटत चाललंय असं वाटलं तर मात्र थांबू नका, डॉक्टरांशी बोला.

प्रश्न : गेममधे फक्त स्किन विकतात, ताकद विकत नाहीत. मग त्याला पे टू विन का म्हणतात लोक?

उत्तर : नुसती स्किन असेल तर म्हणू नये. पे टू विन तेव्हाच जेव्हा पैसे देणाऱ्याची बंदूक जास्त जोरात लागते, किंवा ज्याला दुसऱ्याला महिना लागतो ते त्याला लगेच मिळतं. मधली एक जागा आहे जिथे गडबड होते, नवीन कॅरेक्टर आधी पैसे देणाऱ्यांना आणि नंतर सगळ्यांना, आणि ते नेमकं आल्या आल्या जास्त स्ट्राँग असतं आणि काही आठवड्यांनी नर्फ होतं, म्हणजे त्याची ताकद कमी करतात. असं एकदा झालं तर चूक म्हणेन, सारखं व्हायला लागलं की गेम सोडा.

प्रश्न : लूट बॉक्स म्हणजे सरळ जुगारच ना? मग त्यावर बंदी का नाही?

उत्तर : मला विचाराल तर पैसे देऊन पेटी उघडायची आणि आत काय निघेल ते नशिबावर, हे जुगाराच्या फार म्हणजे फार जवळ आहे, आणि लहान मुलांना ते विकू नये असं माझं ठाम मत आहे. पण कायदा देशोदेशी वेगळा बघतो. बेल्जियमच्या गेमिंग कमिशनने एप्रिल २०१८ मधे सांगून टाकलं की पैसे घेऊन दिलेले लूट बॉक्स आमच्या जुगाराच्या कायद्यात बसतात, आणि कंपन्यांनी तिथे ते बंद केले. नेदरलँड्समधे फिफा या फुटबॉलच्या गेममधल्या पेट्यांवरून ईए या गेम कंपनीला १ कोटी युरोचा दंड झाला होता पण मार्च २०२२ मधे तिथल्या वरच्या न्यायालयाने तो रद्द केला, कारण त्यांच्या मते तो वेगळा जुगार नव्हता, एका कौशल्याच्या खेळाचाच भाग होता. जपानने २०१२ मधेच एक प्रकार बंद केला, कोम्पू गाचा, ज्यात नशिबाने मिळणाऱ्या वस्तूंचा पूर्ण सेट जमवला तरच मोठं बक्षीस मिळायचं, पण साधा गाचा, म्हणजे पैसे देऊन नशिबाने एकेक वस्तू काढायची पद्धत, तिथे चालूच आहे. चीनने २०१७ पासून शक्यता किती ते जाहीर करायला लावलं.

ती शक्यता जाहीर होणं मला सगळ्यात कामाचं वाटतं, कारण आकडा बघितला की उत्साह जागेवर येतो. गेन्शिन इम्पॅक्टमधे पाच स्टारवालं, म्हणजे सगळ्यात दुर्मिळ कॅरेक्टर, मिळायची मूळ शक्यता ०.६ टक्के आहे आणि नाहीच निघालं तर ९० व्या वेळेला नक्की देतात. आता पैसे टाकणार असाल तर पहिल्या वेळेचा विचार करून टाकू नका, ९० वेळांचा खर्च किती होतो तो आधी मांडा, आणि तेवढा झेपणार असेल तरच सुरुवात करा.

लोकांनी आवाज केला तर फरक पडतो हे पण खरं आहे. स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २ आला नोव्हेंबर २०१७ मधे, पूर्ण किमतीचा गेम, आणि आत ताकद देणाऱ्या पेट्या. डार्थ व्हेडर हे पात्र खेळायला गेममधले ६०,००० क्रेडिट लागणार होते. लोक इतके चिडले की आधी तो आकडा १५,००० वर आणला आणि मग गेम बाजारात यायच्या आदल्या दिवशी आतली पैशाची खरेदीच बंद केली. पुढच्या वर्षी खरेदी परत आली तेव्हा फक्त दिसण्याच्या गोष्टी विकायला ठेवल्या.

प्रश्न : मी पैसे देऊन घेतलेला ऑनलाइन गेम कंपनीने बंद केला. सर्व्हर बंद म्हणजे गेम पण बंद, एकट्याने पण खेळता येत नाही. मी विकत घेतला होता ना? त्यांना असं करता येतं का?

उत्तर : वाचून वाईट वाटलं, आणि तुमचा राग मला पूर्ण मान्य आहे. करता येतं का तर आत्तापर्यंत बऱ्याच ठिकाणी करता आलंय, कारण आपण ज्या अटींवर न वाचता ओके दाबतो तिथे लिहिलेलं असतं की तुम्हाला गेमची मालकी नाही, वापरायचं लायसन्स दिलंय, आणि ते आम्ही काढून घेऊ शकतो. आपण त्यात स्किन घेतो, पास घेतो, वर्षं घालतो, पण भाड्याच्या घराला आपल्या खर्चाने रंग दिला म्हणून घर आपलं होत नाही तसं हे आहे. फरक एवढाच की घर भाड्याचं आहे हे आपल्याला राहायला जाताना माहीत असतं आणि इथे बटणावर विकत घ्या असंच लिहिलेलं असतं. माझी खरी तक्रार इथे आहे. सर्व्हिस विकणं गैर नाही, ती वस्तू म्हणून विकणं गैर आहे.

तुमच्यासारखंच मोठ्या प्रमाणावर झालं द क्रू च्या बाबतीत. युबीसॉफ्टचा गाड्यांचा गेम, डिसेंबर २०१४ मधे आला, पैसे देऊन घ्यायचा, एकट्याने खेळला तरी नेट लागायचं. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद आणि त्याबरोबर अख्खा गेम बंद. त्यावरून रॉस स्कॉट या यूट्यूबरने स्टॉप किलिंग गेम्स ही मोहीम सुरू केली. त्यांचं म्हणणं असं नाहीये की सर्व्हर कायम चालू ठेवा, ते म्हणतात बंद करताना गेम कसातरी खेळता येईल अशा अवस्थेत सोडून जा. युरोपात त्यासाठीच्या नागरिकांच्या अर्जाने जुलै २०२५ मधे १० लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. आणि कंपनीने द क्रू २ ला ऑफलाइन मोड देऊ असं २०२४ मधेच जाहीर केलं, म्हणजे अशक्य नव्हतं ना. कॅलिफोर्नियात तर १ जानेवारी २०२५ पासून कायदाच आहे की डिजिटल वस्तू विकताना हे फक्त लायसन्स आहे असं स्पष्ट सांगायचं, नाहीतर विकत घ्या असे शब्द वापरायचे नाहीत.

आणि गेम चालू असताना पण तुमची घेतलेली गोष्ट जाऊ शकते, हे फार जणांना माहीत नसतं. डेस्टिनी २ मधे नोव्हेंबर २०२० ला सुरुवातीची मोहीम रेड वॉर, आणि नंतर विकलेल्या कर्स ऑफ ओसिरिस आणि वॉरमाइंड या दोन्ही काढून टाकल्या, मंगळासकट बऱ्याच जागा गेल्या. कारण दिलं की गेम फार मोठा झालाय, सांभाळता येत नाही. कारण खरं असेलही, पण लोकांनी पैसे देऊन घेतलेली गोष्ट होती ती, आणि परत बघायची म्हटली तर आता व्हिडिओच बघायचे.

पैसे परत मिळण्याची आशा किती, तर गेम किती दिवसांत बंद झाला त्यावर फार आहे. सोनीचा कॉनकॉर्ड २३ ऑगस्ट २०२४ ला ४० डॉलरला आला आणि ६ सप्टेंबरला बंद झाला, दोन आठवडे, तिथे सगळ्यांना पूर्ण पैसे परत मिळाले. दहा वर्षांनी बंद होणाऱ्याला तसं कोण देणार. तरी तुम्ही ज्या स्टोअरवरून घेतला तिथे रिफंड मागाच, खरेदीची तारीख अलीकडची असेल तर जास्तच आग्रहाने. आणि गेममधले पैसे शिल्लक असतील तर ते बंद व्हायच्या आधी विचारायचे, नंतर कोणी विचारत नाही.

प्रश्न : मी आणि दोन मैत्रिणी मिळून गेम बनवतोय, मल्टिप्लेयर. एक ओळखीचे म्हणाले लाइव्ह सर्व्हिस करा, त्यातच पैसा आहे. करावं का?

उत्तर : तिघींनी? शक्यतो नको. मनापासून सांगते.

त्यात पैसा आहे हे खरं आहे पण तो वर बसलेल्या थोड्या गेमना मिळतो, कारण लोकांकडे वेळ तेवढाच असतो आणि जो रोज एका गेमचे चॅलेंज पूर्ण करतो तो तुमचे करायला येत नाही. तुमची स्पर्धा गेमशी नाही, लोकांच्या सवयीशी आहे. मोठमोठ्यांचं यात काय झालंय बघा, अँथम हा ईएसारख्या कंपनीचा गेम, २०१९ ला आला, सुधारून परत आणायचं काम २०२१ मधे रद्द झालं आणि १२ जानेवारी २०२६ ला सर्व्हर बंद झाले. उलट फायनल फँटसी १४ हा २०१० मधे पडला आणि २०१३ मधे अ रिअल्म रीबॉर्न म्हणून परत उभा राहिला, पण त्यासाठी कंपनीने जवळजवळ नवीन गेम बनवला. ते करायला मागे मोठी कंपनी लागते.

आणि गेम आला की काम संपतं असं नाही, तिथून सुरू होतं. रात्री सर्व्हर पडला तर कोण उठणार, चीट करणाऱ्याला कोण काढणार, एकीचं लग्न किंवा परीक्षा किंवा आजारपण आलं तर त्या महिन्याचा अपडेट कोण करणार, हे तिघींनी आत्ता बसून बोला. मी म्हणेन छोटा गेम करा, एकदाच किंमत घ्या, चालला तर नंतर एखादं नीट भरलेलं एक्सपान्शन काढा, आणि खेळणाऱ्यांना स्वतःचा सर्व्हर चालवू द्या म्हणजे तुमचा खर्च पण वाचेल आणि गेम तुमच्यावर अडून राहणार नाही. नॉकआउट सिटी बघा, २०२१ चा डॉजबॉलचा गेम, जून २०२३ मधे त्यांचे सर्व्हर बंद झाले, पण बंद करताना त्यांनी पीसीसाठी एक आवृत्ती काढली जिच्यात लोक आपापला सर्व्हर लावून खेळू शकतात. ती सोय शेवटच्या महिन्यात घाईघाईने करण्यापेक्षा कोड लिहायला लागतानाच ठेवलेली बरी, नंतर ती घुसवणं फार जड जातं.